फुटाला सतरा

आर्वी-पुलगाव रस्त्यावरच्या एका गावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचं शेड, एक वेल्डिंग मशीन, एक कटर आणि समोर दुरुस्तीला आलेली कोणाची तरी ट्रॉली. दहावीत भूमितीत कसाबसा निघालो, पुस्तक त्याच उन्हाळ्यात रद्दीत दिलं. पुढं अठरा वर्षं काटकोन रोज हाताखालून गेले, पण कागदावर मांडायची वेळ कधी आली नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती आली. शेजारच्या गावातल्या एका भाऊंनी जुनं घर पाडलं होतं आणि त्याचे इंग्रजी कवेलू (कौलं) एक-एक करून जपून ठेवले होते. ते शेतातल्या घरावर चढवायचे, पण लाकडाऐवजी लोखंडी कैच्यांवर. कैची म्हणजे छत पेलणारा त्रिकोणी सांगाडा: खाली आडवा पाइप, वर दोन तिरपे, मधे उभा खांब. रुंदी २० फूट, कैच्या ४. "टिनासारखा सपाट नको करू," भाऊ म्हणाले, "कवेलूले उतार लागते, नाही तं पाणी मागं सरते. तीस अंशाचा धर." शेतात दिवसा लाइनचा भरवसा नाही, म्हणून सगळं दुकानातच कापून, जोडून न्यायचं ठरलं.

एरवी आम्ही पाइप जागेवर धरतो, खडूनं खूण करतो आणि कापतो. इथं माप आधी काढायचं होतं. शाळेतलं एकच वाक्य डोक्यात शिल्लक होतं: तीस अंशासमोरची बाजू निम्मी असते. अर्धी रुंदी १० फूट, तिचे निम्मे ५. मधला खांब ५ फुटांचा. २० फुटी पाइपातून बरोबर चार खांब निघाले, एक इंच वाया नाही. हिशोब इतका छान बसला की मी खूश होऊन चहा सांगितला.

दुपारी फरशीवर पहिली कैची मांडली. तिरप्या पाइपांची वरची टोकं कटरला ३० लावून कापली होती, खालची लांब ठेवली होती. खालच्या आडव्या पाइपाच्या टोकाशी तिरपा जुळवला की वर खांबापाशी फट दिसे, आगपेटीची काडी सहज आत जाईल एवढी. वरचा काप नीट बसवला तर तिरपा खाली आडव्या पाइपाला टोकाच्या १६ इंच आतच भेटे. पोऱ्याला म्हटलं कटर हललं असेल. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून पाहिला, कटर ठीक होतं.

संध्याकाळी पुतणी डबा घेऊन आली. ती दहावीत. बराच वेळ फरशीकडं पाहत उभी राहिली, मग म्हणाली, "काका, तुम्ही निम्मं कोणाचं करून राहिले?"

"१० फुटाचं."

"ते कर्ण आहे का?"

कर्ण हा शब्द मी अठरा वर्षांनी ऐकला. काटकोनासमोरची, सगळ्यांत लांब बाजू. इथं कर्ण म्हणजे तिरपा पाइप आणि त्याची लांबी तर मला ठाऊकच नव्हती. निम्मी बाजू कर्णाची असते. मी पायाची निम्मी केली होती.

चूक कळली, पण वाक्य अजून पाठांतराचंच होतं. कर्णाची निम्मीच का, असं विचारल्यावर तिनं खडू मागितला. दोरीनं २४-२४ इंचांच्या तीन बाजूंचा त्रिकोण आखला. तिन्ही कोन ६० चे. वरच्या टोकावरून खाली सरळ रेघ मारली. वरचा ६० चा कोन दुभंगून ३० झाला आणि खालची २४ ची बाजूही दुभंगून १२ झाली. म्हणजे तीसच्या समोर १२ आणि कर्ण अख्खी २४. मी टेप घेऊन मधली रेघ मोजली. पावणेएकवीस इंच, वर केसभर.

"१२ गुणिले वर्गमुळात ३," ती म्हणाली. "२०.७८."

शाळेत हे चित्र फळ्यावर नक्कीच काढलं असणार. मी तेव्हा खिडकीबाहेर असेन.

मग माझ्या कैचीचं गणित. इथं ठाऊक असलेली बाजू ना लहान, ना कर्ण, ती मधली, साठच्या समोरची. माझ्यासारखे सगळे इथंच पडत असावेत. लहान बाजू माहीत असेल तर तिला √३ नं गुणलं की मधली येते, तर उलट जाताना भागायचं. १२० इंच भागिले √३. मी मोबाइल काढला तर तिनं थांबवलं: खाली वर्गमूळ ठेवायचं नसतं म्हणे, वर-खाली √३ नं गुणायचं, होतात ४०√३. परिमेयीकरण. शाळेत मला हा शब्द म्हणजे शिक्षाच वाटायची. पण १२० ला १.७३२ नं भागण्यापेक्षा १.७३२ ला ४० नं गुणणं तोंडी होतं, हे त्या दिवशी पटलं. ६९.२८ इंच. खांब ५ फूट सव्वानऊ इंच हवा होता. तिरपा त्याच्या दुप्पट, ८०√३, म्हणजे ११ फूट साडेसहा इंच. ६९.२८ चा वर्ग ४८००, १२० चा १४४००, बेरीज १९२००, आणि वर्गमूळ तेच १३८.५६. पायथागोरसकडून एकदा तपासून घेतलेलं बरं, पाइप महाग आहे.

पंचेचाळीसचं ती सांगायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. आमच्या उस्तादांनी शिकवलं होतं: पंचेचाळीसचा तिरपा असला की फुटाला सतरा इंच. दोन्हीकडं ३ फूट, तर तिरपा ५१ इंच. तिनं मोबाइलवर १२ गुणिले √२ केलं: १६.९७. दोघंही हसलो. पंधरा वर्षं मी √२ वापरत होतो, फक्त त्याचं नाव ठाऊक नव्हतं. तिनं आणखी एक सांगितलं. बौधायनांच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या प्राचीन ग्रंथात, चौरसाच्या कर्णासाठी कृती आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा वजा करा. फुटाचं करून पाहिलं. १२, त्यात ४, त्यात १. झाले १७. वजा इंचाचा चौतिसावा भाग, १६.९७. तेवढा भाग आमच्या खडूच्या रेघेतच जातो, म्हणून उस्तादांनी सोडला असेल.

तीससाठी तसाच ठोकताळा मी बनवला. खांब फुटाला ७ इंच, अर्धं सूत कमी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तिरपा फुटाला पावणेचौदा आणि एक सूत. भिंतीवर लिहिलाही. पुतणीनं दहा पट करून दाखवलं: तिरप्यात दीड सूत वाढतं. वर्गमुळाचं चिन्ह शेवटपर्यंत तसंच ठेवा, दशांश अगदी शेवटी काढा, असं तिचं म्हणणं. ४ फुटांच्या कामाला माझा ठोकताळा चालतो, १० ला मी आता तिचं ऐकतो.

५ फुटांचे चार खांब पुढं एका गोठ्याच्या फाटकात गेले. एका पाइपाचे पैसे अक्कलखात्यात.

कैच्या ट्रॉलीतून शेतात नेल्या, चढवल्या. भाऊ खालून म्हणाले, नीट बसली का रे? मी खिशातून आगपेटी काढली आणि खांबापाशी काडी घालून पाहिली. गेली नाही. भाऊंनी ती वरून टाकायला सांगितली आणि तिच्यानं बिडी पेटवली.