दोराचं शिल्प: गाठ, वजन आणि मृणालिनी मुखर्जी

मृणालिनी मुखर्जींची दोराची शिल्पं पाहून ‘हे तर मॅक्रमे’ (दोराला गाठी मारून केलेलं काम) म्हणणारे चूक नाहीत. कुंडी टांगायच्या जाळीत असतात त्याच जातीच्या गाठी इथे आहेत. पण ती जाळी कुंडीला तोलते, आणि ‘यक्षी’ (१९८४) किंवा ‘वनश्री’ (१९९४) यांना स्वतःचाच भार तोलून उभं राहायचं असतं. दोरशिल्पाचा सगळा पेच या भारात आहे. रंग, घड्या, देवतांची नावं हे नंतरचं.

मुखर्जींचा जन्म १९४९चा, मुंबईतला. बडोद्याला त्या चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकल्या. सुब्रमण्यन स्वतः १९५९ ते १९६१ मुंबईत हातमाग मंडळात डिझाइनचं काम पाहत होते. त्यामुळे ‘कला वरची, कारागिरी खालची’ ही उतरंड त्या वर्गात फारशी टिकली नसावी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून मुखर्जी दोराला गाठी मारू लागल्या. कच्चं रेखाटन नाही, छोटी प्रतिकृतीही नाही. आकार हातातच ठरायचा.

असं काम करून पाहायचं असेल तर पहिल्याच प्रयत्नात घडी-वळणांच्या मागे लागू नका. ५० सेंमी रुंद, १ मीटर लांब असा एक दाट पट्टा घ्या. ६ मिमीचा तागाचा किंवा अंबाडीचा दोर चालेल. घायपाताचा दोर कडक असतो, हात सोलतो. काथ्याची गाठ दाट बसत नाही. नायलॉनची गाठ तर आपोआप सैल होते.

आता हिशोब. आडव्या आधारदोराभोवती प्रत्येक उभ्या दोराचे दोन वळसे, ही मुख्य गाठ. एक गाठ साधारण १२ मिमी रुंदी खाते, म्हणजे ५० सेंमीला ४२ पदर (उभे दोर). दोर मधोमध दुमडून वरच्या आडव्या सळीवर अडकवायचा असल्याने मूळ दोर २१. दाट कामात प्रत्येक पदराला तयार लांबीच्या पाचपट, म्हणजे ५ मीटर दोर लागतो, आणि दुमडल्यावर एका दोराचे दोन पदर होतात; तेव्हा प्रत्येक दोर १० मीटरचा, एकूण २१० मीटर. आधारदोराला आणखी ३०-३५ मीटर. वजन सहा-सात किलो. दोराची जाडी बदलली की हे आकडेही बदलतात, म्हणून आधी १० सेंमीचा नमुना गाठून किती दोर खर्च झाला ते मोजा.

रंग गाठण्याआधीच द्या. गाठलेल्या वस्तूत रंग आतपर्यंत पोचत नाही, आणि ती दिवसच्या दिवस ओली राहून बुरशी धरते. तागाचं सूत काढताना तेल वापरलेलं असतं. ते निघालं नाही तर रंग डागाडागांनी चढतो. म्हणून धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर मंद उकळा, मग खळखळून धुवा. डायरेक्ट डाय (धाग्यावर थेट चढणारा रंग) कोरड्या दोराच्या वजनाच्या २ ते ४ टक्के घ्या, मीठ १० ते २० टक्के. दोराच्या लडी सैल बांधा. घट्ट बांधल्या तर बांधाखाली पांढरे पट्टे राहतात.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. एक म्हणजे सळी. ६ मिमीची सळी दोन टोकांवर टेकवून एवढं वजन टांगलं तर मध्ये जवळजवळ सेंटीमीटरभर वाकते. १२ मिमीची घ्या. साधं लोखंड असेल तर प्रायमर हवाच, नाहीतर पावसाळ्यात गंजाचे डाग दोरात उतरतात. दुसरं, पीळ. मुख्य गाठीखेरीज चौरस गाठही (मधल्या दोरांभोवती दोन बाजूंच्या दोरांनी मारलेली) वापरलीत तर तिच्यात एकदा डावा दोर वरून, एकदा उजवा. हा क्रम चुकून एकाच बाजूने गाठत गेलात तर पट्टा मळसूत्रासारखा फिरतो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे आधारदोराचा ताण. तो जास्त ओढला की पृष्ठभाग वाटीसारखा आत वळतो. नवे दोर अडकवत गेलात तर कड झालरीसारखी लाटा घेते. दोर कमी केले, म्हणजे मागच्या बाजूला सोडून दिले, तर पुन्हा आवळते.

हाच ‘दोष’ मुद्दाम वापरला की पाकळी तयार होते, ओठ होतो, कूस होते. मुखर्जींच्या कामातली फुगीर, मांसल वळणं पाहताना नजर आधारदोराच्या कण्यांवर ठेवा: कणा कुठे तिरपा झाला आणि पदर कुठे वाढले ते चक्क वाचता येतं. मोठ्या कामांत धातूचा आधारही असतो. ब्रिटनच्या टेट संग्रहालयाकडच्या ‘जौबा’त (२०००) दोरासोबत पोलाद आहे. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. (मुंबईच्या मोनिका कोरिया मागावर विणताना मध्येच फणी (धागे समान अंतरावर धरणारी चौकट) काढून ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोकळे सोडतात. वेगळं तंत्र, पण धाग्याला वागू देण्याची हिंमत तीच.)

काम टांगल्यावर पहिले काही आठवडे ते लांबतं. जमिनीपासून थोडं अंतर राखूनच टांगा. थेट ऊन नको, ताग पिवळा पडतो आणि रंग उडतो. वस्त्रांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स (उजेडाचं माप) म्हणजे मंद उजेड धरतात. धूळ काढताना व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी लावा आणि ओढ कमी ठेवा. पाणी मारू नका, ओला दोर फुगून आखडतो आणि बसलेला आकार बिघडतो. हलवायची वेळ आली तर घडी न घालता आत कागदाचे बोळे भरून आडवं न्या.