कपाळावरची राख आणि विरार लोकल

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, सकाळच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) जायचं की संध्याकाळच्या, हा प्रश्न वसईहून मुंबईला शिकायला येणाऱ्या आमच्यासारख्यांना दरवर्षी पडतो. संध्याकाळी गेलं तर काही कटकट नाही, फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात, घरी यायचं, चालतं तेवढं जेवायचं, झोपायचं. सकाळी गेलं की तीच राख घेऊन विरार लोकल, अंधेरीला उतरून स्लो, मग सांताक्रूझ, कलिना कॅम्पस, लेक्चर, कॅन्टीन, लायब्ररी, सगळीकडे फिरायचं. मी सकाळीच जाते. आईला वाटतं भक्ती, पण खरं कारण असं की संध्याकाळी लोकल वेळेत पोचवेल यावर माझा विश्वास नाही, देवावर आहे.

लेडीज डब्यात कुणी ना कुणी विचारतंच. "अगं कपाळाला काळं लागलंय बघ," म्हणत पर्समधून वेट वाइप बाहेर. "नाही काकू, देवळातलं आहे, असू दे" म्हटलं की काकू एकदम हात मागे घेतात, "अंगारा होय! मग पुसू नको हां," आणि वर सरकून चौथी सीट देतात. थिऑलॉजीच्या दृष्टीने अंगारा आणि ही राख एक नाही, पण त्या गर्दीत थिऑलॉजी कोण समजावणार आणि सीट कोण सोडणार?

ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या झावळ्या आपण घरी क्रूसामागे खोचून ठेवतो, वर्षभर त्या तिथेच वाळतात, उपवासकाळ जवळ आला की देवळात गोळा करून जाळतात. राख लावताना फादर म्हणतात त्याचा अर्थ एवढाच, की तू माती आहेस आणि मातीला मिळणार आहेस. सेमिस्टरच्या मध्यावर हे ऐकायला काही खास नवीन वाटत नाही म्हणा.

पण मला खरी गंमत वाटते ती त्या दिवशीच्या शुभवर्तमानाची. बायबलमधल्या मत्तयचा सहावा अध्याय वाचतात, त्यात येशू सांगतो की उपास करताना तोंड पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, कुणाला कळू देऊ नका. हे ऐकायचं आणि थोड्याच वेळात रांगेत उभं राहून कपाळावर सगळ्या जगाला दिसेल अशी राख घ्यायची! रोममध्ये म्हणे डोक्यावर नुसती भुरभुरतात, केसांत गेली की दिसतही नाही, आणि 2021 मध्ये कोरोनामुळे व्हॅटिकनने सगळीकडेच तसं करायला सांगितलं होतं. तेव्हा मला ते जास्त बरोबर वाटलं होतं. आता नाही वाटत. येशू बोलत होता ते लोकांची वाहवा मिळवायला उपास करणाऱ्यांबद्दल, आणि मुंबईत कॉलेजच्या पोरीची उपास केला म्हणून वाहवा कोण करतंय? विचारतात ते फक्त "मग चहा चालतो का?"

कारण इथे प्रत्येकाचं काही ना काही चालूच असतं. 2026 मध्ये महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला, राखेचा बुधवार 18 ला आणि लगेच रमजान, त्यामुळे आमच्या टेबलावर कोण काय खात नाही याचा हिशेब लागेना, कॅन्टीनवाले काका पण वैतागले. आमचे नियम मी सांगितले: चौदा पूर्ण झाली की मांस वर्ज्य, अठरा ते एकोणसाठ उपास, म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं, तेही सक्तीचं फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. मतदान, लायसन्स आणि उपास, सगळं अठराव्या वर्षीच मिळतं. साबुदाणा खिचडीच्या उपासवाल्या मैत्रिणीला हे फारच स्वस्तातलं वाटलं. त्यात मासे चालतात म्हटल्यावर तर तिने हातच जोडले. "उपासाला पापलेट? मला घ्या तुमच्यात!"

आता तिला काय सांगणार, आमच्या घरी उपवासकाळातल्या बिनमांसाच्या शुक्रवारी ताजे बोंबील आले की चिकनची आठवण कुणाला येते! नियम पाळला जातो, त्याग मात्र औषधालाही नाही. आजी म्हणूनच म्हणायची की आवडतं ते सोड, नाहीतर तो कसला उपवासकाळ. तिने त्या दिवसांत चहा सोडलेला असायचा आणि घरात सगळे तिला टरकून असायचे. मी चहाला हात लावायची हिंमत करत नाही, पहाटेची लोकल पकडायची असते. मी ट्रेनमधले रील्स सोडते आणि तेवढ्यात रोझरीचं एखादं दशक, म्हणजे जपमाळेतल्या दहा मण्यांच्या प्रार्थना, म्हणते, बोटांवर मोजत, कारण माळ काढायला हात मोकळा हवा आणि तो हँडलला लटकलेला असतो.

ते चाळीस दिवस मोजताना रविवार धरत नाहीत, हे मी टेबलावर सांगायला नको होतं बहुतेक. आता दर सोमवारी सगळ्यात आधी मलाच विचारतात, "काय मग, काल किती रील्स पाहिले?"