काशीत देव सोडून नकाशा बघायला गेलो (आणि आधी भलत्याच विद्यापीठात पोचलो)

आईला काशी करायची होती, मला नकाशा बघायचा होता. डिसेंबरात दोघांनी मिळून एकच ट्रिप केली. विश्वनाथ, गंगा आरती वगैरेवर भरपूर लिहिलेलं सापडेल, ते मी सोडतोय. हे फक्त भारतमाता मंदिराबद्दल (नकाशा तिथेच आहे) आणि जाता जाता मान महालाबद्दल.

आधी माझा गाढवपणा. मंदिर काशी विद्यापीठाच्या आवारात आहे हे माहिती होतं. टोटोवाल्याला (टोटो म्हणजे तिथली ई-रिक्षा) म्हटलं, "भैया, युनिव्हर्सिटी." आपल्या डोक्यात विद्यापीठ म्हणजे युनिव्हर्सिटी ना, त्यात त्याची काय चूक, त्याने सरळ शहराच्या दक्षिण टोकाला लंका नावाच्या भागात नेऊन बीएचयूच्या, म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठाच्या, गेटसमोर उभं केलं! तिथून ट्रॅफिकमधून परत उलटं यायला पाऊण तास गेला आणि आई वाटभर एक शब्द बोलली नाही. (ती ओरडली तर चालतं, गप्प बसली की भीती वाटते.) तर तिथे "काशी विद्यापीठ, भारतमाता मंदिर" असं पूर्ण सांगा. ते कँट स्टेशनच्या जवळ आहे, त्यामुळे गाडी पकडायच्या दिवशी सकाळी किंवा उतरल्या उतरल्या बघणं सगळ्यात सोयीचं. आणखी एक, नेटवर शोधताना याच नावाचं हरिद्वारचं मंदिर मध्ये येतं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

आत गेलं की गाभारा नाही, मूर्ती नाही. जमिनीवर पसरलेला संगमरवरी भारत. अखंड भारत, म्हणजे अफगाणिस्तानापासून ब्रह्मदेशापर्यंत आणि खाली श्रीलंका. राजस्थानातल्या मकराण्याच्या संगमरवराचे ७६२ तुकडे जोडून केलेला, साधारण ३१ फूट बाय ३० फूट. डोंगर खरेच वर आलेत, नद्या खोदलेल्या आहेत, समुद्र खोलगट. १९१८ ते १९२४ मध्ये काम झालं, दुर्गाप्रसाद हे मुख्य कारागीर आणि त्यांच्या हाताखाली पंचवीस-तीस पाथरवट. उद्घाटन मात्र २५ ऑक्टोबर १९३६ ला गांधीजींच्या हस्ते. गंमत बघा, पुढच्याच एप्रिलमध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश भारतापासून वेगळा केला, म्हणजे कागदावरच्या हद्दीनुसार नकाशा सहा महिन्यांतच जुना झाला, आणि अकरा वर्षांनी तर काय झालं ते सगळ्यांना माहितीच आहे. दगडातला नकाशा खोडता येत नाही हे खरं.

आता मी गेलो होतो ते ज्यासाठी ते सांगतो. या नकाशात दोन वेगळी मापं आहेत. आडवं १ इंच म्हणजे ६.४ मैल, पण उभं १ इंच म्हणजे २००० फूट. आम्ही तिथेच मोबाइलवर गणित केलं, ६.४ मैल म्हणजे जवळपास ३३,८०० फूट, म्हणजे उंची साधारण सतरा पट फुगवलीय. हे फसवणं वगैरे नाही हं, तसं केल्याशिवाय पर्यायच नव्हता. एव्हरेस्ट इथे साडेचौदा इंच येतं, आणि आडव्याच मापाने केलं असतं तर इंचभरसुद्धा आलं नसतं. आपलं कळसूबाई पावणेतीन इंच, नाहीतर ४ मिलिमीटर, तांदळाचा दाणा! मुंबई-पुणे सरळ रेषेत फूटभर धरा, त्या फूटभरात आख्खा सह्याद्री तांदळाएवढा केला असता तर घाट बिट काही दिसलंच नसतं. भूगोलाच्या पुस्तकातल्या डोंगरांच्या चित्रांतही हीच युक्ती असते, फक्त आपल्याला ती कोणी सांगत नाही. आणि हे कोरलं तेव्हा एव्हरेस्टवर कोणी पोचलंही नव्हतं, त्याला १९५३ उजाडलं. उंची मात्र सर्वेवाल्यांनी लांबून कोन मोजून आधीच काढून ठेवली होती.

म्हणून टीप: उभं राहून वरून फोटो काढू नका. सगळे तेच करतात आणि फोटोत पांढरी फरशी येते. कठड्यापाशी खाली बसा, डोळे नकाशाच्या पातळीला आणा, मग हिमालय भिंतीसारखा उभा राहतो आणि गंगेचं मैदान किती सपाट आहे ते कळतं. उजेड कमी असेल तर तिथल्या माणसाला विचारून मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, डोंगरांच्या सावल्या पडतात, काय भारी दिसतं. दुपारी डोक्यावर ऊन असताना मजा नाही, सकाळी जा. चपला बाहेर काढायच्या असतात, डिसेंबरात फरशी बर्फ असते, पायात मोजे ठेवा. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिनाला समुद्राच्या जागी पाणी भरतात आणि जमिनीवर फुलं मांडतात, तेव्हा जमलं तर बघाच, पण डोंगर बघायला साधा दिवस बरा.

आणि आता पुणेकरांसाठी. हे मंदिर बांधलं शिवप्रसाद गुप्त यांनी, 'आज' वर्तमानपत्र आणि काशी विद्यापीठ काढणारे तेच. १९१३ च्या कराची काँग्रेसहून परतताना ते मुंबई-पुण्याला आले आणि कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात गेले. धोंडो केशव कर्वे, आपले अण्णा. तिथे जमिनीवर मातीचा, डोंगर-नद्यांचा उठावदार भारत केलेला होता, आणि तो बघून त्यांच्या डोक्यात हे आलं. म्हणजे हिंगण्याच्या मातीचा मकराण्यात संगमरवर झाला. मी आयुष्यभर कर्वे पुतळ्यापाशी सिग्नलला शिव्या देत थांबलोय आणि हे मला चाळिशीत कळलं!

आईला हे सांगितल्यावर तिचा सकाळपासूनचा अबोला सुटला. तिची आत्या हिंगण्याला शिकलेली. मग ती कठड्याला धरून खाली बसली (गुडघे दुखतात तरी) आणि म्हणाली, "अरे, आपलं पुणं कुठे ते दाखव आधी." पंधरा मिनिटं शोधत होतो आम्ही. भीमा सापडली की तिच्यावरून मागे मागे या, सोपं पडतं.

संध्याकाळी मान महाल. दशाश्वमेधच्या अगदी शेजारी, आरतीच्या गर्दीतली निम्मी माणसं याच्या पायथ्याशी बसतात आणि वर बघत नाहीत. राजा मानसिंगाचा वाडा, त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात वेधशाळा केली. जयपूरच्या जंतरमंतरची ही छोटी बहीण. यातलं सम्राट यंत्र म्हणजे दगडी सूर्यघड्याळ, त्याची तिरकी भिंत जमिनीशी काशीच्या अक्षांशाइतकाच, साधारण २५ अंशांचा कोन करते. जयपूरला तीच भिंत २७ अंशांची. म्हणजे घड्याळ उचलून दुसऱ्या गावी नेलं तर चुकणार, ते त्या गावचंच. आम्ही पोचलो तेव्हा सावली जवळजवळ गेली होती, त्यामुळे हे दुपारी करा आणि नकाशा सकाळी, आमच्यासारखं टोटोत वेळ घालवू नका. जिने चढे आहेत, आई अर्ध्यावर झरोक्यात बसली आणि गंगा बघत राहिली, तेही काही वाईट नाही.

परत आल्यावर सोसायटीत सगळ्यांनी विचारलं, काय मावशी, दर्शन कसं झालं? तर आई म्हणे, "झालं बाई, पण तिथे आपल्या अण्णांचा नकाशा आहे, तो बघितलात का कोणी?"