बोटीवरचे धुरकट झालेले मीटर साफ केले, माझा अनुभव

आमची बोट हर्णैची. १ जूनला मासेमारी बंद झाली की आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन शाकारतो, म्हणजे पावसाळ्यासाठी झाकून ठेवतो, आणि ३१ जुलैपर्यंत रंगकाम, इंजिनकाम जे काय असेल ते उरकतो. यंदा मी आधी इंजिनाच्या पॅनेलवरचे मीटर हातात घेतले, कारण मे महिन्यात परत येताना इंजिन तापलं आणि काटा कुठे आहे तेच कळेना, काच इतकी पिवळट धुरकट झालेली. सायलेन्सरमधून पाणी कमी पडतंय हे आमच्या एका खलाशाच्या लक्षात आलं म्हणून वाचलो, इंजिन थंड करायला पाणी खेचायच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी चिकटलेली. त्या दिवशी जाम घाबरलो होतो मी.

पहिली चूक सांगतो म्हणजे कुणी करणार नाही. रंगासाठी आणलेला थिनर जवळच होता, फडक्यावर घेऊन आरपीएमच्या (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या) मीटरवर फिरवला. ती काच नसते, प्लॅस्टिक असतं. दोन मिनिटांत पांढरी पडली आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आल्या. तो मीटर नवीनच घ्यावा लागला. पेट्रोल, अ‍ॅसिटोन, अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीच त्यावर लावू नका.

मग आमच्या मेस्त्रींनी सांगितलं, "आधी बघ, धुरकटपणा बाहेरून आहे की आतून." ओल्या फडक्याने पुसल्यावर थोडा वेळ साफ दिसून सुकल्यावर परत धुरकट झालं तर बाहेरून, म्हणजे उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने वरचा थर खराब झालाय. सकाळी आत थेंब दिसले तर पाणी शिरलंय.

बाहेरून खराब होते ते तीन मीटर. गोड्या पाण्याचं ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून आधी मीठ विरघळवलं, नाहीतर मिठाचे कणच ओरखडे काढतात. कडेच्या रिंगला मास्किंग टेप, मग पाणी लावत १५०० आणि नंतर २००० नंबरचा पॉलिश पेपर. पेपर मारल्यावर आधीपेक्षा जास्त पांढरं दिसतं, तिथे धीर सोडू नका, रबिंग कंपाउंड मऊ कापडाने गोल गोल घासत गेलो तसे आकडे एकेक करून वर आले.

टेम्परेचरचा मीटर मात्र आतून ओला होता. बॅटरीची निगेटिव्ह काढली, वायरींचे मोबाइलवर फोटो काढले, प्रत्येक वायरला टेप लावून नंबर घातले आणि मागचे नट सोडवून मीटर बाहेर घेतला. पुढच्या रिंगची कड मागे दुमडलेली असते, ती बारीक स्क्रूड्रायव्हरने चहूबाजूंनी थोडी थोडी उचलायची, एकाच जागी जोर दिला तर वाकते. आतलं रबर कडक होऊन चपटं पडलेलं. जूनच्या दमट हवेत उघड्यावर काय सुकणार, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस ठेवला. काट्याला अजिबात हात लावला नाही. नवीन रबर घालून रिंग बंद केली आणि कडेला न्यूट्रल सिलिकॉनची बारीक रेघ दिली, व्हिनेगरसारखा वास येतो तो सिलिकॉन नको, त्याच्या वाफेने तांबं गंजतं. मागे हवेचं बारीक छिद्र होतं ते बुजवलं नाही. पाणी येत होतं ते केबिनच्या छपरातून, वायरीच्या भोकातून, पॅनेलच्या मागे, ते भोक आधी बंद केलं नसतं तर परत तेच झालं असतं.

एक गोष्ट माहीतच नव्हती. पॉलिश केल्यावर सुक्या कापडाने चमकवत बसलो आणि व्होल्टमीटरचा काटा १४ वर अडकला, बॅटरी सुटलेली असताना! वाटलं, हाही गेला. मेस्त्री म्हणाले घासून प्लॅस्टिकमध्ये करंट (स्थिर वीज) धरलाय, तो काट्याला ओढतोय. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब ओल्या फडक्यावर घेऊन पुसलं तसा काटा आपोआप खाली आला.

टेम्परेचरचा सेन्सर गरम पाण्यात थर्मामीटरबरोबर धरून मीटर बरोबर दाखवतो का तेही बघून घेतलं. आता इंजिन चालू केलं की ८० चा आकडा सुकाणूपासून स्वच्छ दिसतो. जुन्या छत्रीच्या कापडाचं झाकण शिवून घेतलंय पॅनेलला, बोट उभी असली की घालायचं.