काळी चार

आमच्या माळ्यावरची बाजाची पेटी गेल्या श्रावणात खाली आली ती बायकोच्या तगाद्यानं. "भिंत ओली होतंय, पेटी कुजून जाईल, मी कितीदा सांगितलो," असं ती जूनपासून म्हणत होती. (आमच्या बेळगावात बायका ‘मी सांगितलो’, ‘मी जातो’च म्हणतात. पुण्याची सून नवी आली तेव्हा सासू अशी का बोलते म्हणून दोन दिवस गोंधळली होती.)

धूळ पुसली, भाता एकदा हलवला, आणि एकाही पट्टीला बोट न लावता पेटी आपली आपणच भोंऽऽ करायला लागली. काळी चार, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. पावसाळ्यात लाकूड फुगलं की आतली झडप नीट बसत नाही, फटीतून वारा शिरतो आणि तो एक सूर बोलत राहतो. मी स्क्रू काढून वरची फळी उचलली. आत झुरळांच्या लेंड्या, कसरीनं खाल्लेलं चामडं आणि एक शेंगदाणा. हा शेंगदाणा कुठल्या एकादशीचा असेल देव जाणे. पितळी सुरांवर हिरवट थर चढला होता. दुपार त्यातच गेली.

ही पेटी मी विसाव्या वर्षी शहापूरच्या एका भजनी मंडळाकडून जुनी घेतली. तेव्हा मला पेटीवाला व्हायचं होतं. साधासुधा नव्हे, मुंबईत संगीत नाटकांना साथ करणारा. रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीवादक ज्या गावात शिकवायचे, तिथल्या पोरानं असं स्वप्न बघणं म्हणजे काही आक्रीत नव्हतं. शेजारचं सुळेभावी कुमार गंधर्वांचं जन्मगाव. इथल्या हवेतच काहीतरी आहे असं आम्ही पोरं एकमेकांना सांगायचो. हवेत होतं ते माझ्या बोटांत किती होतं, हे मात्र कुणाला विचारलं नाही.

बाबा खडेबाजारात एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचे. त्यांना पेटीचं कौतुक नव्हतं. "जे वाद्य रेडिओनं हाकललं ते तुला घरात हवं?" असं म्हणायचे. खोटं नव्हतं ते. सूर घसरत नेणारी मींड पेटीवर येत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती निघत नाहीत, वाद्य परकं, असं म्हणून 1940 साली रेडिओनं तिला बंदी घातली होती. ती 1971 साली सैल झाली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि ती बातमी स्वतः लढून जिंकल्यासारखी बाबांना सांगायला धावलो होतो. बाबा म्हणाले, "बरं."

बाबांचं स्वप्न माझ्याहून मोठं आणि सार्वजनिक होतं: बेळगाव महाराष्ट्रात जावं. 31 ऑक्टोबर 1956 ला ते मुंबई राज्यात झोपले आणि सकाळी म्हैसूर राज्यात उठले. तेव्हापासून दर 1 नोव्हेंबरला काळी फीत, फेरी आणि रात्री उपाशीपोटी चिडचिड. सीमावादावर महाजन आयोग आला, 1967 साली अहवाल आला, बाबांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही म्हणे. महाराष्ट्र सरकार 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलं ते बघायला ते नव्हते. आता त्यांचं स्वप्न कोर्टात आहे आणि माझं माळ्यावर.

1978 साली एक नाटक कंपनी गावात आली. त्यांचा पेटीवाला तापानं आडवा झाला आणि कुणीतरी माझं नाव सांगितलं. दोन रात्री मी साथ केली. मॅनेजर जाताना म्हणाले, "मुंबईला या, बघू." मुंबईकडच्या ‘बघू’चा अर्थ तेव्हा मला ठाऊक नव्हता.

पुढची हकिगत मी चाळीस वर्षं एकाच चालीत सांगत आलो. बाबा आडवे आले. उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नरची जागा होती, घरची ओढाताण होती, मी स्वप्नावर पाणी सोडलं. ऐकणारा चुकचुकतो आणि मला बरं वाटतं.

खरं तसं झालं नाही. बाबांनी त्या दिवशी माझ्या हातात पन्नास रुपये ठेवले आणि म्हणाले, "जा. तू तरी जा महाराष्ट्रात." त्यांचा आवाज जरा बसला होता. मी मॅनेजरना द्यायला अर्धा किलो कुंदा घेतला आणि स्टेशनवर गेलो. तेव्हा मिरजेपर्यंत लहान गाडी, तिथून मोठी गाडी मुंबईची. गाडी आली. मी बाकावर बसून होतो. मुंबईत उतरल्यावर जेवायचं कुठं, एवढा एकच प्रश्न मला सुटत नव्हता. गाडी गेली. मी कुंद्याचा पुडा सोडला. निम्मा तिथंच खाल्ला आणि उरलेला घरी नेला. बाबांनी एक शब्द विचारला नाही. पन्नास रुपयेही परत मागितले नाहीत, आणि मी ते दिलेही नाहीत. आठवड्यानं उद्यमबागेत रुजू झालो.

तिथं मात्र कान कामाला आला. लेथचा बेअरिंग जायच्या आधी आवाज बदलतो. इतरांना तो घरघर वाटायचा, मला सूर. "हे काळी दोनवर होतं, आता चढलंय, उघडा," असं म्हटलं की आधी हसायचे. दोनदा बेअरिंग फुटल्यावर हसायचे थांबले. शेजारच्या मशीनवरचा माझा कानडी जोडीदार घरच्या वचनांना, म्हणजे त्यांच्या भक्तिपदांना, साथीला बोलवायचा. तिथं शब्द निम्मे कळायचे, सूर सगळा.

आता एकादशीला भजनाला बसतो. आमचे बुवा सुरुवात काळी दोनमध्ये करतात आणि तिसऱ्या अभंगापर्यंत भक्तीच्या भरात काळी तीनवर पोचतात. मी मुकाट्यानं त्यांच्या मागनं सरकतो. काळी चार अजून अधूनमधून बोलते. झडपेखाली मी चामड्याचा तुकडा चिकटवला आहे, पण पाऊस वाढला की त्याचंही काही चालत नाही.

परवा नातवानं पुण्याहून व्हिडिओ कॉल केला. त्याच्या फोनमध्ये आख्खी पेटी आहे, भाता मारायलाच नको. त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही मुंबईला जाणार होता ना? मग गेला का नाहीत?"

"अरे, माझे बाबा," मी सुरू केलं.

स्वयंपाकघरातून बायको खाकरली. फोडणीचा ठसका नव्हता तो, गॅस बंदच होता.

"कुंदा खात बसलो रे," मी म्हणालो, "आणि गाडी गेली."