एअरबॅगचा लाइट आणि एका कोडसाठी झालेली वणवण

गाडीच्या डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाइट लागून राहिला तर आधी फक्त एक गोष्ट मिळवा, फॉल्ट कोड, म्हणजे बिघाड कुठे आहे हे सांगणारा, गाडीच्या सिस्टिममध्ये साठलेला नंबर. छापील मिळाला तर उत्तम, नाहीतर स्कॅनरच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो. तो हातात आल्याशिवाय कोणालाही एकही पार्ट बदलू देऊ नका. मी हे इतकं ठासून सांगतोय कारण माझी सगळी तगमग त्या एका ओळीपायी झाली, प्रत्यक्ष बिघाड तर घरच्या पोर्चमध्ये काढून झाला.

गाडी सहा एअरबॅगवाली. पावसाळ्यात ओंकारेश्वरहून आलो तेव्हा आत चिखल फार झाला होता म्हणून ड्रायक्लीनला दिली, त्यांनी पुढच्या सीटा काढून कार्पेट धुतलं. थोड्या दिवसांनी एकदा चावी फिरवली आणि लाइट विझेचना. नॉर्मली काय होतं, इग्निशन ऑन केलं की तो पाच-सहा सेकंद लागतो, सिस्टिम स्वतःला तपासते आणि विझतो. तो लागून राहिला म्हणजे सिस्टिमला कुठेतरी फॉल्ट दिसलाय आणि वेळ आली तर बॅग उघडेल याची गॅरंटी नाही. गाडी चालते, पिकअप तोच, ब्रेक तेच, म्हणून लोक महिनोनमहिने तशीच फिरवतात. माझ्या शेजारच्या सीटवर आई बसते, मला ते जमणारं नव्हतं.

घरी जे बघता येतं ते बघितलं. बॅटरी, कारण व्होल्टेज पडलं तरी हा लाइट येतो. गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट, म्हणजे ठीक. एअरबॅगचा फ्यूज वेगळा असतो, तोही ठीक. हॉर्न वाजतोय, स्टिअरिंगवरची बटणं चालतायत. हे मुद्दाम बघा, कारण स्टिअरिंगच्या आत क्लॉक स्प्रिंग म्हणून गुंडाळलेली पट्टी असते, हॉर्न, बटणं आणि ड्रायव्हरची एअरबॅग या सगळ्याचं कनेक्शन तिच्यातूनच जातं. लाइटबरोबर हॉर्नही मेला असेल तर संशय सरळ तिच्यावर. माझं तसं काही नव्हतं.

मग ऑनलाइन मिळतो तो ईएलएम ३२७ वाला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर लावला. त्यात सगळं ओके. इथे पुष्कळ लोक फसतात आणि समजतात की फॉल्ट नाहीच. ते खेळणं सहसा इंजिनचे पी-वाले कोड वाचतं. एअरबॅगचे कोड बी-वाले असतात, एअरबॅगच्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये, म्हणजे तिच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये बसलेले, त्यांना एसआरएस, म्हणजे एअरबॅगची सिस्टिम, वाचणारा स्कॅनर लागतो. विकत घेताना डब्यावर एसआरएस लिहिलंय का आणि आपलं मॉडेल यादीत आहे का ते बघून घ्या.

म्हणून वर्कशॉप. आम्ही इंदूरला सुदामा नगरमध्ये राहतो, वर्कशॉप शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, विजयनगरच्या ट्रॅफिकमधून जायचं. गाडी लावली, जॉब कार्ड झालं, ॲडव्हायझरने सांगितलं की स्कॅन करून कळवतो. दुपारपर्यंत फोन नाही, मीच केला. "सर, मॉड्यूल चेंज होगा." मी विचारलं, कोड काय आला? "सर, एयरबैग का फॉल्ट है." अहो, तो तर मी घरूनच बघून आलोय, म्हणून तर गाडी तुमच्याकडे उभी आहे! नंबर काय आला, कुठलं सर्किट, ड्रायव्हरचं की पॅसेंजरचं, समोरची बॅग की साइडची, रेझिस्टन्स जास्त दाखवतंय की शॉर्ट? तर म्हणे हे इंटर्नल असतं, कस्टमरला देत नाही. एस्टिमेट मात्र लगेच व्हॉट्सॲपवर आलं, तीस हजारांच्या वरचं, मॉड्यूल आणि लेबर.

मी गाडी घेऊन आलो आणि परत गेलो, आणि परत. कधी स्कॅनर दुसऱ्या गाडीवर लागलेला, कधी तो टेक्निशियन सुट्टीवर, कधी फ्लोअर मॅनेजर मीटिंगमध्ये. काचेच्या केबिनमध्ये बसवून चहा द्यायचे आणि विषय सीट कव्हर नाहीतर इन्शुरन्स रिन्यूवलवर न्यायचे. मला याचा इतका संताप आला, अजूनही येतो, कारण स्कॅनरला तो कोड वाचायला मिनिटभरही लागत नाही, तो स्क्रीनवर आलेला असतो, कोणीतरी बघितलेलाही असतो आणि त्या स्क्रीन आणि गाडीच्या मालकामध्ये एक माणूस उभा राहून सांगतो की तुम्हाला काय करायचंय कळून. मला करायचंय. गाडी माझी, आत बसणारी माणसं माझी, पैसे मी देणार. मॉड्यूल जातं, नाही असं नाही, पाणी शिरलं किंवा अपघातात बॅगा उघडल्या तर बदलावंच लागतं. पण माझ्या गाडीला ना धक्का लागलेला ना ती पाण्यात उभी राहिलेली. आणि मॉड्यूल बदलूनही लाइट राहिला तर? तर म्हणे मग वायरिंग बघू. म्हणजे आधी सगळ्यात महाग पार्ट आणि मग वायर बघणार!

मधल्या काळात एका गॅरेजवाल्याने वेगळाच उपाय सुचवला, "भैया, एक रेजिस्टेंस डाल देता हूँ, लाइट बंद." हे अजिबात करू नका, कोणी फुकट करून दिलं तरी नको. बॅगेच्या जागी तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर लावला की मॉड्यूलला वाटतं बॅग जागेवर आहे. लाइट विझतो आणि त्या बाजूला बॅगच नसते. नवीन गाड्यांना ड्रायव्हर एअरबॅग २०१९ पासून कंपल्सरी आहे, पुढच्या पॅसेंजरचीही नंतर झाली, ती काय हजार-पाचशेत लाइट विझवण्यासाठी?

शेवटी कोंडी फुटली ती लिहिल्यामुळे. कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केला, चढा सूर नाही, फक्त मुद्दे: गाडीचा नंबर, जॉब कार्डचा नंबर, कोणत्या तारखेला कोड मागितला, काय उत्तर मिळालं, एस्टिमेटचा फोटो. आणि खाली एक ओळ, की कोड आणि निदान लेखी मिळालं नाही तर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवतो. तो नंबर फिरवायची वेळच आली नाही. वर्कशॉपमधून स्वतःहून फोन आला आणि ज्या माणसाला इंटर्नल वाटत होतं त्यानेच प्रिंट काढून हातात दिला. मी तिथेच काउंटरवर उभा राहून वाचला: ड्रायव्हर साइड एअरबॅग सर्किट, रेझिस्टन्स जास्त. बस. मॉड्यूलचं नावही नाही त्यात. सांगतो, काय मोकळं वाटलं मला!

साइड एअरबॅग म्हणजे सीटच्या पाठीतली, तिची वायर सीटखालून जाते आणि ती सीट धुताना काढली होती. घरी आल्यावर सीट पूर्ण मागे-पुढे करून बोल्ट मोकळे केले आणि टॉर्चने बघितलं. पण त्याच्या आधी बॅटरीचा मायनस काढला आणि दहा मिनिटं थांबलो, कारण मॉड्यूलमध्ये बॅकअपचा चार्ज राहतो. मॅन्युअलमध्ये प्रत्येक गाडीची वेळ वेगळी दिलेली असते, तुमच्या गाडीची असेल तेवढी तरी थांबाच. एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर पिवळे असतात, ओळखायला सोपे. आमचा पिवळा कनेक्टर वरून बसल्यासारखा दिसत होता पण लॉकची पट्टी आत गेलेलीच नव्हती, सीट सरकली की हलायचा. काढला, पिना वाकल्यात का, गंज आहे का बघितलं, टक्क आवाज येईपर्यंत बसवला, लॉक दाबलं, वायर सीटच्या रेलमध्ये अडकू नये म्हणून टायने बांधली.

मीटर अजिबात लावायचा नाही! घरच्या मल्टीमीटरने ओहम मोजायला गेलं तर तो स्वतः करंट सोडतो, आणि तुम्ही ज्याच्यावर वाकून बसलाय त्यात स्फोटक आहे. पिवळ्या वायरी बघायच्या, कनेक्टर दाबायचा, तेवढंच घरचं काम. वायर तुटलेली, जळलेली दिसली तर तिथेच थांबायचं, तिला जोड मारायचा नाही.

लाइट तरीही लगेच गेला नाही, घाबरू नका. काही गाड्यांत फॉल्ट गेला की आपोआप विझतो, काहींत कोड मेमरीत बसतो आणि बॅटरी काढूनही जात नाही, स्कॅनरनेच क्लिअर करावा लागतो. त्यासाठी मी वर्कशॉपला गेलो नाही. पाटनीपुऱ्याकडे एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांच्याकडे एसआरएसवाला स्कॅनर आहे. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून ठेवली, कोड दाखवला, क्लिअर केला, इंजिन चालू ठेवून सीट मागे-पुढे करून परत स्कॅन केला. काही नाही. पैसे घेतले ते जेवणाच्या एका थाळीइतके, आणि मी जास्त देत होतो तर घेईनात.

हो, सीट कव्हरचं राहिलं. साइड एअरबॅग असेल तर सीटच्या पाठीला बाजूने बंद असलेलं साधं कव्हर घालू नका, बॅग तिथूनच शिवण फाडून बाहेर येते. आणि ड्रायक्लीनवाल्याला आधीच सांगा, सीटा काढल्या असतील तोवर चावी ऑन करायची नाही. कनेक्टर सुटलेला असताना इग्निशन ऑन केलं की तेवढ्यानेच कोड बसतो, मग त्याने सीट नीट लावली तरी लाइट तसाच. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा चावी ऑन करून हा लाइट लागतोय का तेही बघा. लागून विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर एसआरएसचं स्कॅन झाल्याशिवाय बयाणा देऊ नका.