पाण्याला उतार आहे का?

वेळापूरच्या अलीकडं टेकडीच्या माथ्यावर दिंड्या थांबल्या. तुकोबांना इथून विठ्ठलाच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते पळतच सुटले, असं सांगतात. म्हणून माउलींच्या पालखीतले वारकरी इथं धावा करतात. एकेक दिंडी उतारावरून धावत सुटते. मी सोलापूरहून येऊन माळशिरसला दिंडीत मिळाले होते, दुसऱ्याच दिवशी हा उतार समोर.

शेजारच्या मावशींच्या डोक्यावर तुळस. एक हात वृंदावनाला, दुसऱ्यात चपला. मला म्हणाल्या, "माउली, उतरताना गुडघं जरा वाकवून ठेवा. अंग मागं टाकू नका." आणि गेल्या की पळत! वृंदावनातली माती हिंदकळली नाही. मी मागोमाग धावले, खाली पोचले तेव्हा डोळे भरून आले होते.

त्यांचा 'उतरताना' मनात राहिला. आयुष्यभर मराठी शिकवलं, पण या शब्दाकडं असं कधी पाहिलं नव्हतं. उतरणे संस्कृतातल्या उत् आणि तॄ यांवरून आलं. तॄ म्हणजे पाणी पार करणं. आणि उत् म्हणजे वर! उत्थान, उन्नती यांतला तोच. म्हणजे मुळात हा शब्द पाण्यातून वर येण्याचा, काठाला लागण्याचा. तो खाली कसा आला? मला वाटतं, नावेनं आणला. नाव काठाला लागली की माणूस पाय खाली टाकतो. पार होणं आणि खाली पाय टेकणं एकाच क्षणी घडतं. पुढं नावेची बैलगाडी झाली, घोडा झाला, एसटी झाली. एसटीतल्या माणसाला आपण आजही उतारू म्हणतो. वारीतही पहिला प्रश्न तोच, "माउली, कुठं उतरलाय?"

खाली येण्याचा खरा उपसर्ग अव. त्याचा अवतार. हा शब्द कसा घडतो ते पाणिनीनं अष्टाध्यायीच्या 3.3.120 या सूत्रात सांगितलंय. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत युगायुगात जन्म घेण्याचं वचन देतात, पण अवतार हा शब्द अख्ख्या गीतेत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुन्हा सातशे श्लोक चाळले होते. आणि तीर्थ? तोही तॄचाच. पाण्यात उतरायची, पाणी ओलांडायची जागा ती तीर्थ. आपण पवित्र जागा म्हणतो, पण शब्दाच्या पोटात घाटाची पायरीच आहे.

भंडीशेगाव, वाखरी झालं. पंढरपुरात घाटाच्या पायऱ्या ओल्या होत्या. उजनीतून पाणी सोडलेलं, चंद्रभागा गढूळ आणि भरलेली. मावशींनी वृंदावन माझ्या हातात दिलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि खालच्या पायरीवरच्या होडीवाल्याला हाक मारली, "दादा, पुंडलिकाकडं पाण्याला उतार हाय का?"

उतार म्हणजे चालत पार होण्याइतकं पाणी. जुन्या कागदांतला हा अर्थ मी शब्दकोशात वाचला होता. बोलताना पहिल्यांदाच ऐकला.

"कमरेएवढं हाय, मावशी. दोरीला धरून या."

त्यांनी दोरी धरली. मी तुळस डोक्यावर घेतली आणि त्यांच्या मागं पाण्यात उतरले.